मे महिन्यात कोकणात जाताय? आधी कमरेची सोय बघा

मुलांच्या परीक्षा संपल्या की मुंबई-पुण्याहून गाड्या कोकणाकडे सुटतात. मुंबईहून मालवण म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपास. महामार्ग, घाट, रस्त्याची कामं, माणगावसारख्या ठिकाणची कोंडी आणि जेवणाचे थांबे धरले तर दहा-बारा तास सहज जातात. मग संध्याकाळी बाकीचे समुद्रावर पळतात आणि घरातलं कुणीतरी कमरेला बाम चोळून खोलीत आडवं झालेलं असतं. चार दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस असे गेले की फार वाईट वाटतं. आणि बहुतेक वेळा हे टाळता येतं.

हा लेख पहिल्यांदाच एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्यांसाठी आहे. ज्यांची कंबर पूर्वी एकदा धरली होती आणि तेव्हापासून प्रवास म्हटला की धास्ती वाटते, त्यांच्यासाठीही आहे. उदाहरण म्हणून कोकण घेतलंय, कारण गाडी, रेल्वे, बस, पंगत, वाळूतलं चालणं आणि परतताना आंब्याची पेटी हे सगळं त्या एकाच प्रवासात येतं. हिमाचलला किंवा केरळला निघाला असाल तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

दुखतं कशामुळे

कमरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी. मोठ्या माणसात या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. लगतच्या हाडातून झिरपून येईल त्यावर तिचं पोषण चालतं, आणि आपण हलत राहिलो, दाब कमी-जास्त होत राहिला, तरच हे झिरपणं नीट होतं. गाडीत मात्र आपण तासन्‌तास एकाच स्थितीत असतो. नकळत पुढे घसरतो, कमरेचा आतला बाक नाहीसा होतो आणि पाठीमागचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे चिवट पट्टे, ताणलेले राहतात. त्यात गाडीची थरथर. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते सहा हेलकावे सर्वांत जास्त जाणवतात, आणि खराब रस्त्यावरची धडधड साधारण त्याच पट्ट्यात येते.

आता महत्त्वाची गोष्ट. बराच वेळ ताणून राहिलेले अस्थिबंध उठल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत, त्यांना काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ मणक्यांना त्यांचा नेहमीचा आधार नसतो आणि स्नायूही सुस्तावलेले असतात. नेमक्या त्याच मिनिटांत आपण काय करतो? गाडी थांबते, उतरतो, डिकी उघडतो, वाकतो आणि सगळ्यांत खालची, सगळ्यांत जड बॅग हिसका देऊन ओढतो. चमक भरते ती तिथे. बोल मात्र घाटाला आणि खड्ड्यांना लागतो.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या धरा. एका स्थितीत फार वेळ राहायचं नाही, आणि बसून उठल्या उठल्या काही उचलायचं नाही. ‘ताठ बस’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण सलग तीन तास ताठ बसलं तरी कंबर आंबतेच. अगदी योग्य पद्धतीने बसून सलग तीन तास काढण्यापेक्षा कसंही बसून दर तासाने उठलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

वर्षभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस एकदम बारा तास गाडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी वाळूत तीन किलोमीटर चालतो. शरीराला थोडी कल्पना द्यायला हवी. रोज वीस ते तीस मिनिटं भरभर चाला. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा करा. मांड्यांमध्ये जोर असेल तर वाकून उचलायची वेळ येत नाही, गुडघ्यात बसून उचलता येतं. जमिनीवर पाठीवर झोपून गुडघे मोडायचे आणि कंबर वर उचलायची, म्हणजे आपलं सेतुबंधासन, तेही दहा वेळा. भुजंगासन आणि मार्जारासन येत असेल तर उत्तम. निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत मात्र नवीन काही सुरू करू नका.

मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल, पायात कळ जात असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालेलं असेल किंवा घरात गरोदर बाई असेल, तर प्रवासाबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोला आणि नेहमीच्या गोळ्या पुरेशा बरोबर घ्या. कमरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला असेल तर बांधा. ज्याला काही त्रास नाही त्याने केवळ खबरदारी म्हणून पट्टा बांधून बसण्यात अर्थ नाही, त्याने दुखणं टळत नाही.

सामान भरताना एक मोठी वीस किलोची बॅग करण्यापेक्षा दहा-दहा किलोच्या दोन करा. मोठी बॅग चाकांवर छान पळते. पण चाकं जिन्यावर, वाळूत आणि जांभ्या दगडाच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, चालत नाहीत, आणि कोकणातली बरीच घरं रस्त्यापासून पाखाडीने खाली किंवा वर असतात. तिथे ती उचलावीच लागते. पाठीवरची सॅक दोन्ही खांद्यांवर घ्या, जड वस्तू पाठीला लागून ठेवा.

आणखी एक. उन्हाच्या आत घाट ओलांडावा म्हणून लोक पहाटे चारला उठतात आणि सव्वाचारला गाडीत सामान चढवतात. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्यामुळे सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकणं कमरेला जास्त जड जातं. डिकी आदल्या रात्रीच भरून ठेवा. पहाटे फक्त पाण्याच्या बाटल्या आणि डबा घ्यायचा.

स्वतःच्या गाडीने जाताना

चालवणाऱ्याची सीट आधी नीट लावा. सीटचा मागचा भाग अगदी काटकोनात नको, किंचित मागे कललेला हवा. ढुंगण पार मागे टेकलेलं, गुडघे कमरेच्या पातळीला किंवा जरासे खाली. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाय पार सरळ होत असेल तर दर वेळी कंबर सरकते, आणि कोंडीत क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो. हात पुढे केल्यावर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं की अंतर बरोबर. मागच्या खिशातलं पाकीट काढून डॅशबोर्डात ठेवा. एका बाजूला पाकिटावर बसून कंबर दिवसभर तिरकी राहते.

कमरेच्या बाकात हात पुसायच्या छोट्या टॉवेलची गुंडाळी ठेवा. जागा कुठली? पँटचा पट्टा येतो त्याच्या जरा वर. गुंडाळी फार जाड केली तर ती उलट ढकलते, मुठीएवढी पुरे. दर दीड-दोन तासांनी ती काढून टाका, मग पुन्हा ठेवा. तेवढाच बदल.

मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याचे सगळ्यांत जास्त हाल होतात. पायाखाली उंचवटा, पाठीला नीट आधार नाही. तिथे दिवसभर एकालाच बसवू नका, प्रत्येक थांब्यावर जागा बदला. मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावायचा. टायरमध्ये हवा गरजेपेक्षा जास्त असेल तर प्रत्येक खड्डा थेट सीटपर्यंत येतो, म्हणून निघण्याआधी टायर थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी कंपनीने सांगितलेली हवा तपासा.

थांबे आधीच ठरवा. भूक लागली की थांबू असं म्हटलं तर चार-चार तास कुणी थांबत नाही. मुंबईहून निघालात तर कोलाड, महाड, खेड, चिपळूण असे टप्पे मनात धरा. पुण्याहून ताम्हिणी किंवा कुंभार्ली उतरणार असाल तर घाटाच्या आधी एकदा आणि घाट उतरल्यावर एकदा उतराच. पाच मिनिटं पुरतात. खाली उतरून दोन मिनिटं चाला, मग कमरेवर हात ठेवून सावकाश मागे वाका, पाच वेळा. टाचा उचलून चवड्यांवर दहा वेळा उभे राहा. साठी ओलांडलेल्या काहींना चालताना पायात गोळे येतात आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. त्यांनी मागे वाकू नये. त्यांनी बसून गुडघे पोटाकडे घ्यावेत किंवा गाडीला हात टेकून जरासं पुढे झुकावं. कुठल्याही हालचालीने कळ पायात खाली उतरत असेल तर ती हालचाल लगेच थांबवा.

वेळ असेल तर सागरी मार्गाने जा, असं मी आवर्जून सुचवेन. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, वेळही जास्त लागतो. पण वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी वाटेत येतात. गाडी बोटीवर चढली की सगळे खाली उतरतात, कठड्याशी उभे राहतात, मुलं पाणी बघतात. न सांगता प्रत्येकाची कंबर मोकळी होते.

इथे बायकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि थांबलं तरी गाडीतून उतरत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात हे फार वाईट. पाणी कमी पडलं की स्नायूंत गोळे येतात, डोकं धरतं, लघवीला जळजळ होते. बरोबरच्या माणसांनी हे मनावर घ्यावं. थांबा निवडताना आधी स्वच्छतागृह बघा, मग वडापाव. मोठे पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलं यासाठी बरी पडतात.

घाटात वळणावर अंग सैल सोडलं की कंबर प्रत्येक वळणाला पिळवटते. दोन्ही पाय जमिनीवर सपाट, एक हात वरच्या कडीला, नजर पुढच्या रस्त्यावर. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घाटात पोचायच्या बऱ्याच आधी घ्यावी, कारण वाकून उलट्या करताना कमरेला जबर हिसका बसतो. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

रेल्वेने गेलात तर

कमरेसाठी माझी पहिली पसंती रेल्वेलाच. उठून डब्यात फेरी मारता येते, दारापर्यंत जाऊन येता येतं, पाय पसरता येतात. जमत असेल तर मांडवी एक्सप्रेससारखी दिवसाची गाडी बघा. खायलाही भरपूर मिळतं.

तिकीट काढताना खालच्या बर्थचा पर्याय निवडा. साठ वर्षांवरचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना जागा शिल्लक असेल तर रेल्वेची यंत्रणा आपणहून खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न करते. पण ज्येष्ठांच्या राखीव कोट्याचा फायदा एकट्या किंवा दोघांच्या तिकिटावर मिळतो. सहा जणांचं तिकीट एकत्र काढलं की आजी-आजोबा त्या गर्दीत हरवतात आणि कधीकधी वरच्या बर्थवर जातात. त्यांचं तिकीट वेगळं काढा. खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढायचं, अशी खूण करण्याची सोयही आयआरसीटीसीवर असते.

मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघडायचा असतो. तो उघडला की खाली बसणाऱ्याला मान वाकवून बसावं लागतं, म्हणून जेवणं आणि गप्पा त्याआधी आटपा. वरच्या बर्थवरून उतरताना तोंड शिडीकडे ठेवा, पाठ नको, आणि शेवटच्या पायरीवरून उडी मारू नका. कडेचा खालचा बर्थ बऱ्याच डब्यांत दोन सीटच्या पाठी आडव्या करून बनतो. मधल्या फटीत नेमकी कंबर येते. तिथे चादरीची दोन-तीन पदरी घडी घालून जागा सपाट करून घ्या.

रेल्वेत कंबर जाते ती उतरताना. लहान स्टेशनवर गाडी दोन मिनिटंच थांबते. घाईघाईत सीटखालची बॅग ओढली जाते, दारातून अर्धवट वाकून खाली दिली जाते. उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच उठा, जरा चाला, बॅगा बाहेर काढून दाराजवळ आणून ठेवा. फलाट खाली असेल तर एकाने आधी उतरून बॅगा छातीशी धरून घ्यायच्या आणि वरच्याने पायरीवर बसून द्यायच्या. आणि स्टेशनवर हमाल मिळत असेल तर पैसे देऊन हमाल करा. सुट्टीवर एवढा खर्च होतो, त्यात हा खर्च वाचवू नका.

बसने

बसबद्दल थोडंच. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या सीट सगळ्यांत जास्त उडतात, शेवटची तर विचारू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा मागा. स्लीपर बसमध्येही मधला आणि खालचा बर्थ बघा. पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली छोटी बॅग किंवा गुंडाळलेली शाल ठेवा, कुशीवर झोपत असाल तर ती दोन गुडघ्यांमध्ये. रात्री चहाला बस थांबली की झोपमोड झाली तरी खाली उतरा.

पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं

गाडी थांबली की डिकी उघडू नका. सगळ्यांनी आधी उतरायचं, अंगणात दोन-चार मिनिटं फिरायचं, यजमानांशी बोलायचं, पाणी प्यायचं. मग सामान.

बॅग काढताना डिकीच्या कडेला मांड्या टेकवा. बॅग आधी सरकवत अगदी कडेपर्यंत अंगाजवळ आणा. एक दणका देऊन नाही, सरकवत. मग गुडघे जरा मोडून ती पोटाशी धरा आणि उचला. वळायचं असेल तर पाय उचलून पावलांनी वळा. बॅग हातात असताना कमरेतून पिळ देऊन बाजूला ठेवणं हीच सगळ्यांत वाईट हालचाल. ओळीने बॅगा काढायच्या असतील तर एकाने काढायच्या, दुसऱ्याने नेऊन ठेवायच्या.

झोपलेलं लहान मूल मागच्या सीटवरून काढणं हे बॅगेपेक्षा अवघड. दोन-तीन वर्षांचं मूल बारा-चौदा किलोंचं असतं, झोपेत त्याचं अंग ढिलं पडलेलं असतं आणि आपण दारातून वाकून हात लांब करतो. तसं करू नका. एक पाय गाडीच्या आत ठेवा किंवा सरळ सीटवर बसा, मुलाला आधी छातीशी घ्या, मग त्याच्यासकट बाहेर या. आजी-आजोबांनी नातवंडाच्या प्रेमापोटी हे काम अंगावर घेऊ नये. ते काम आई-बाबांचं.

मुक्कामी

घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी बिछाना बघून घ्या. गादी मधोमध खोल गेलेली असेल तर संकोच न करता दुसरी मागा किंवा गादी खाली जमिनीवर घालून घ्या. नुसत्या चटईवरही झोपू नका. पार टणक आणि पार मऊ, दोन्ही त्रासाचं. ज्यांना जमिनीवरून उठणं कठीण जातं त्यांनी पलंगच मागावा. सकाळी उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधाराने बसा.

पंगतीला बसायचं असेल तर पाट मागून घ्या. बैठक चार बोटं उंच झाली की गुडघे खाली जातात आणि कंबर वाकडी होत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी खुर्ची-टेबलावर जेवायला मुळीच लाजू नये. उकडीचे मोदक आणि सोलकढी तिथेही तीच वाढतात.

विहिरीवर रहाट दिसला की शहरातून आलेल्या सगळ्यांना पाणी शेंदायचं असतं. शेंदा, पण काठावर वाकून नाही. कठड्यापासून पाऊलभर मागे, एक पाय पुढे, गुडघे सैल, आणि दोर हातांनी खाली ओढायचा. भरलेली घागर कमरेवर घेऊन मिरवायची हौस मात्र आवरा. गावातल्या बाईला रोजची सवय असते, आपल्याला नसते.

समुद्रावर

मऊ कोरड्या वाळूत पाऊल रुतत जातं आणि कमरेचे स्नायू लवकर थकतात. पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू बरी. तिथे किनारा पाण्याकडे उतरता असतो, म्हणजे एका दिशेने चालताना एक पाय सतत खाली राहतो. जितकं गेलात तितकंच त्याच कडेने परत या, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं होईल. पहिल्या दिवशी थोडंच चाला.

तारकर्ली-मालवणला पाण्यातले खेळ जोरात असतात. ज्यांची कंबर पूर्वी धरली आहे, हाडं ठिसूळ आहेत किंवा जे साठीपुढचे आहेत त्यांनी बनाना राइड आणि बंपर राइड टाळाच. लाटेवरून उडून पाण्यावर आपटताना तो दणका सरळ मणक्यांना बसतो आणि ठिसूळ मणका दबू शकतो. वेगाच्या बोटीत बसायचं असेल तर नाळेकडे, म्हणजे पुढे, बसू नका. सर्वांत जास्त आपटतं ते पुढेच. मागच्या बाजूला बसा, धरायला काहीतरी हातात असू द्या. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या साध्या होडीत घाबरण्यासारखं काही नाही, फक्त चढता-उतरताना होडीवाल्याचा हात धरा आणि मुलाला कडेवर घेऊन पाय टाकू नका. आधी तुम्ही, मग मूल.

एवढं करूनही उसण भरली तर

घाबरू नका. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही दिवसांत आपोआप सुटू लागते. पहिले काही तास सोयीचं वाटेल तसं पडा. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या तर बहुतेकांना आराम पडतो. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटं शेका, मधे कापड ठेवा. दोन दिवस अंथरुणाला खिळून राहणं मात्र चूक आहे, त्याने बरं व्हायला उलट वेळ लागतो. सोसेल तेवढं हळूहळू चालत राहा. वेदनाशामक गोळी घेताना जपून. आम्लपित्त, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून गोळी आणून घेऊ नका.

गावात कुणीतरी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसाचा पाय लावून घ्यायला सांगेल. नुसता पाय टेकवून घेतलात तर बिघडत नाही, सांगणाऱ्याची मायाही असते त्यात. पण लाथ मारू देऊ नका, पाठीवर कुणाला उभं राहू देऊ नका आणि झटका देऊन हाड बसवून घेऊ नका. सरकलेली गादी त्याने आणखी बिघडू शकते.

काही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, गुप्तांगाभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, पाऊल उचलेना, तर ही तातडीची वेळ आहे. ताप आहे, पडल्यानंतर दुखतंय, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, तरीही वाट बघू नका. कुशीत उठून जांघेकडे उतरणारी, लोळायला लावणारी कळ आली तर ती कमरेची नसून मुतखड्याची असू शकते. उन्हाळ्यात पाणी कमी प्यालेल्यांना ती गाठू शकते. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याबरोबर धाप लागली तर एक मिनिटही दवडू नका. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. मुक्कामी पोचल्यावर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे यजमानांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

परतीचा दिवस आणि आंब्याची पेटी

जाताना सगळे सावध असतात, येताना विसरतात. अंग थकलेलं असतं, उद्या ऑफिस असतं, आणि सामान आणताना होतं त्याच्या दीडपट झालेलं असतं. हापूसची पाच डझनांची पेटी घ्या. अडीचशे ग्रॅमचा एक आंबा धरला तरी पंधरा किलो, वर लाकडी खोका आणि पेंढा. त्यात कुणी प्रेमाने फणस दिलेला असतो, तो एकटाच दहा किलोंचा असू शकतो. पेटीला धरायला मूठ नसते, कडा हाताला लागतात, म्हणून माणूस ती अंगापासून लांब धरतो. लांब धरलेलं पंधरा किलोंचं ओझं कमरेला कितीतरी जास्त जड पडतं.

पेटी दोघांनी मिळून उचला. दोन्ही बाजूंनी खाली बसायचं, एकाने ‘उचल’ म्हणायचं आणि एकदम उठायचं. पाच डझनांच्या एका पेटीऐवजी दोन-दोन डझनांचे पुठ्ठ्याचे खोके मिळत असतील तर तेच घ्या, भाव थोडा वर-खाली झाला तरी. फणस गोणपाटात घालून दोन टोकं दोघांनी धरायची. गाडीत पेट्या सगळ्यांत शेवटी, डिकीच्या कडेला ठेवा, म्हणजे घरी उतरवताना आत वाकावं लागत नाही. आणि हेही काम आदल्या संध्याकाळी करा, पेट्या पहाटे चढवू नका. आंब्याला रात्रभर वारा लागावा म्हणून काच जराशी खाली ठेवा.

रात्री उशिरा घरी पोचलात तर आंबे आणि झोपलेली मुलं एवढंच वर न्या, बाकीच्या बॅगा सकाळपर्यंत डिकीत राहिल्या तर काही अडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर वाळूने भरलेले कपडे बादलीवर वाकून धुवायला बसू नका. तासभर जाऊ द्या, आणि ते काम घरातल्या एकाच बाईच्या कमरेवर टाकू नका. प्रवासानंतर अंग दोन-तीन दिवस जड राहिलं तर चालतं. पंधरा दिवसांनीही कंबर दुखत असेल किंवा दुखणं वाढत चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आंब्यांची आढी लावताना ती जमिनीवर, पलंगाखाली नका लावू. पुढचे आठ-दहा दिवस रोज दोनदा आंबे चाळायचे असतात, पिकलेले वेगळे काढायचे असतात, आणि दर वेळी आपण कमरेत वाकून पलंगाखाली हात घालतो. जुन्या टेबलावर किंवा दोन खुर्च्यांवर फळी टाकून त्यावर पेंढा पसरा, म्हणजे उभ्या उभ्या आंबे चाळता येतात.